सोल्डरिंग खराब येतंय, असेंब्लीवाला बदलू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर तुम्ही बनवता. ३०० बोर्डांचा लॉट जॉबवर्कवर भरून घेतला. पीसीबी (पार्ट बसवायचा कोरा बोर्ड) आणि पार्ट तुमचे, भरणं आणि सोल्डरिंग त्यांचं. त्यातले २३ बोर्ड तुमच्याच टेस्टिंगला नापास झाले आणि १८ शेतकऱ्यांकडून दोन-अडीच महिन्यांत परत आले. बोटाने दाबलं की चालतात, सोडलं की बंद. असेंब्लीवाला म्हणतो, "माल तुमचा, आम्ही फक्त लावतो. आणून टाका, टचअप करून देतो." टचअप म्हणजे कच्चा जोड हाताने पुन्हा गरम करून नीट करणं. तुम्ही विचारताय की राहिलेले पैसे अडवू का, सगळे जोड आपणच पुन्हा गरम करून घेऊ का, आणि पुढच्या लॉटला माणूस बदलू का.

तिन्हीला माझं आजचं उत्तर "नको" आहे. दोन आठवड्यांनी कदाचित वेगळं असेल. मी आधी बरीच वर्षं भोसरीत एका असेंब्ली लाइनवर प्रोसेस सांभाळायचो, नंतर स्वतःची डिझाइनं घेऊन दुसऱ्यांच्या लाइनवर जायला लागलो. म्हणजे शिव्या देणं आणि शिव्या खाणं, दोन्ही अनुभव आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: "सोल्डरिंग खराब आहे" ही तक्रारच नव्हे. कुठल्या पार्टचा कितवा पाय, किती बोर्डांवर, आणि जोड कुठून सुटलाय, एवढं सांगता आलं तर ती तक्रार. तोपर्यंत समोरचा "टचअप करून देतो" याच्यापुढे काही बोलणार नाही, आणि त्यालाही तेच सोयीचं असतं.

जोड कुठून सुटलाय हे बघायला कल्हईवाला आठवा. तो आधी भातं मारून भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील फिरवतो. भांडं थंड असेल तर कथील गोळी होऊन घरंगळतं, मळकट असेल तर धरतच नाही. बोर्डावर हेच चालतं. नवसागराच्या जागी फ्लक्स, आणि कथलात कधी शिसं तर कधी चांदी-तांबं मिसळलेलं. आता दहा पटीचं भिंग घ्या आणि परत आलेला एक बोर्ड उजेडात तिरका धरा. सोल्डर पायाला चिकटलंय पण पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या जोडायच्या तांब्याच्या जागेवर, पसरलेलं नाही, कडेला गोल होऊन बसलंय, तर पॅड तापला नाही किंवा पॅडच खराब होता. उलट पॅडवर छान पसरलंय आणि पायाभोवती खळी पडलीय, तर पाय काळवंडलेला होता. तिसरा प्रकार म्हणजे दोन्हीकडे नीट धरलंय, उतारही चांगला आलाय, पण पायाभोवती केसाएवढी गोल चीर आहे. हा जोड लावताना चांगलाच लागला होता. नंतर कशाने तरी तुटला. तिन्ही प्रकारांना आपण सरसकट "ड्राय सोल्डर", म्हणजे कच्चा जोड, म्हणतो, आणि तिन्हींचा गुन्हेगार वेगळा असतो.

एक मात्र करू नका. चकाकी बघून नापास करू नका. ६३-३७ चं कथील-शिसं १८३ अंशाला एकदम वितळतं आणि गोठताना आरशासारखं होतं. शिसं नसलेलं एसएसी ३०५, म्हणजे ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं आणि बाकी कथील, २१७ अंशाच्या पुढे वितळतं आणि गोठल्यावर जरा दाणेदार, मंदच दिसतं. त्यात दोष काही नाही. तुमच्या लॉटला कोणतं वापरलं हे तुम्हाला माहीत आहे का? बऱ्याच जणांना नसतं. आणि एकाच लाइनवर दोन्ही चालत असतील तर टचअपच्या टेबलावर कोणती तार पडलेली असते, तेही बघण्यासारखं असतं.

आता खरं काम. तुमच्या बोर्डाचं मोठं प्रिंट काढा, ए-३ वर. ४१ बोर्ड एकेक करून बघा आणि जिथे दोष दिसेल तिथे त्या प्रिंटवर ठिपका द्या. टेस्टिंगचे २३ लाल पेनाने, शेतातून आलेले १८ निळ्याने. ही दोन गाठोडी एकत्र करू नका, कारण एकात जन्मतः आजारी बोर्ड आहेत आणि दुसऱ्यात पुढे आजारी पडलेले. अर्धा दिवस जाईल. पण त्या कागदाने मला आजवर जेवढं सांगितलंय तेवढं कुठल्याही मीटिंगने सांगितलेलं नाही.

ठिपके एकाच जागी जमले, त्याच पार्टच्या त्याच पायावर, तर कारण बहुधा बोर्डातच आहे: पॅडचा आकार, स्टेन्सिलचं (पॅडवर सोल्डर पेस्ट उतरवायच्या पत्र्याचं) छिद्र, भोक फार घट्ट किंवा फार मोकळं, नाहीतर तो पार्टच जुना. लाइनवरचा माणूस दमला म्हणून प्रत्येक वेळी तिसऱ्याच पायावर चुकत नाही. ठिपके बोर्डभर विखुरले असतील, आज इथे उद्या तिथे, तर प्रोसेस ढिली आहे: पेस्ट (लेईसारखं सोल्डर), ती वितळवणारा ओव्हन, वितळलेल्या सोल्डरच्या भांड्याचं तापमान, हात. आणि ठिपके बोर्डाच्या एका कडेलाच असतील तर आधी बघा, बोर्ड पॅनेलमधून (अनेक बोर्ड जोडून असलेल्या मोठ्या पाटीतून) सुटा करताना हाताने मोडतात का. कडेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर तिथेच तडकतात आणि नाव सोल्डरचं होतं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. मी एक बॅटरी चार्जर केला होता. त्याच्या एका कनेक्टरचा एक पाय दर लॉटला कच्चा यायचा. मी तीन कडक मेल टाकले, बिलातून पैसे कापायची भाषा केली, शेवटी स्वतः लाइनवर जाऊन उभा राहिलो. टचअपला एक ताई होत्या, त्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "साहेब, बाकीच्या पायांना बिट लावलं की तीन मोजेपर्यंत होतं. ह्याला दहा मोजते, तरी तो गरमच होत नाही." त्यांनी करून दाखवलं. सोल्डर बिटावर, म्हणजे सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकावर, वितळायचं, पायावर जाऊन टेकायचं आणि तिथेच थिजायचं. बोर्ड उलटा केला तर तो ग्राउंडचा पाय. दोन्ही बाजूंनी ७० मायक्रॉनच्या तांब्याच्या सलग पसाऱ्यात मी तो पॅड थेट गाडला होता. बिटाची सगळी उष्णता तांबं पिऊन टाकत होतं. तांब्यापासून पॅड वेगळा काढून चार बारीक दांड्यांनी जोडायचा असतो, हे मला माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये ती एक टिक काढलेली राहिली होती. पुढच्या रिव्हिजनला ती केली आणि त्याच लाइनवर, त्याच ताईंच्या हातून तो दोष गेला.

तरी असेंब्लीवाला यातून सुटत नाही. ताईंना जे पहिल्या दहा बोर्डांत कळलं होतं ते माझ्यापर्यंत तीन लॉट आलं नाही, कारण मधल्या कोणाला फोन उचलावासा वाटला नाही. आपण पैसे फक्त हाताचे देत नाही, त्या फोनचेही देतो.

तुमच्या बोर्डाबद्दल मी न बघताच पैज लावणार नाही, पण तीन जागा आधी बघा.

पहिली, वायरी कसायचे स्क्रू टर्मिनल. शेतावरचा वायरमन स्क्रू ड्रायव्हर जोर लावून पिळतो. टर्मिनलला बॉक्सचा आधार नसेल तर तो सगळा पीळ पायाच्या जोडावर येतो. इथे भिंगाखाली गोल चीर दिसली तर असेंब्लीवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. बॉक्समध्ये टर्मिनलला टेकू द्या, मोठा पॅड द्या. रिले आणि ट्रान्सफॉर्मरसारख्या जड पार्टचंही तेच. खाली नीट टेकवून लावले नसतील तर तो मात्र भरणाऱ्याचा दोष. तेही चार बोर्डांवर फटीतून कागद सरकवून कळतं.

दुसरी, भोक किती भरलंय. थ्रू-होलच्या, म्हणजे पाय बोर्डाच्या भोकातून आरपार जाणाऱ्या पार्टच्या, जोडात सोल्डर खालून वर चढलं पाहिजे. आयपीसी-ए-६१० या भरलेले बोर्ड तपासायच्या मानकाच्या क्लास २ ला साधारणपणे ७५ टक्के उंची भरलेली लागते. जाड ग्राउंडच्या पायांना थोडी सूट आहे. भोक पायापेक्षा पाव मिलिमीटर तरी मोठं ठेवतो मी. त्याहून घट्ट असेल तर सोल्डर वर चढायला वाटच राहत नाही, कितीही चांगला माणूस बसवा.

तिसरी, जीएसएम मॉड्यूल, म्हणजे बोर्डाला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग. हे ओलाव्याला नाजूक असतात आणि त्यांच्या पाकिटावर बहुधा एमएसएल ३ लिहिलेलं असतं. म्हणजे सीलबंद पिशवी उघडल्यापासून १६८ तासांत, आणि तेही फार तर ३० अंश तापमान व ६० टक्के आर्द्रतेत, ते ओव्हनमधून निघाले पाहिजेत. नाहीतर आधी भट्टीत सुकवायचे. तुम्ही मॉड्यूल मोजून, साध्या झिप पिशवीत घालून दिले असतील तर तो दोष तुमच्या दारातून निघालाय. पार्टचंही तसंच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे उचललेले पार्ट मीही वापरलेत, पण त्यांचे पाय किती जुने आहेत हे कोणी सांगत नाही. दहा नग काढा, पाय फ्लक्समध्ये बुडवून वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवा, बाहेर काढून भिंगाने बघा. बुडालेल्या भागाचा ९५ टक्के पृष्ठभाग एकसारखा झाकला गेला पाहिजे. जागोजागी खवले-भोकं दिसली तर तो पार्ट लाइनवर देऊच नका. ही पाच मिनिटांची चाचणी मी आता प्रत्येक नव्या रिळाला करतो.

शेतातून आलेल्या १८ मध्ये आणखी एक शक्यता आहे, जी जोडाची नसून जोडाभोवतीची आहे. टचअप करताना ब्रशने भरपूर फ्लक्स फासतात. पॅकिंगवर "नो-क्लीन" लिहिलंय म्हणून कोणी धूत नाही. पण नो-क्लीन फ्लक्स निरुपद्रवी होतो तो पुरेसा तापल्यावर. बिटाच्या आसपास जो तापतच नाही, तो तसाच जिवंत राहतो. उन्हाळ्यात काही होत नाही. पावसाळ्यात विहिरीवरच्या पेटीत दमट हवा शिरली की तो ओलावा धरतो, दोन पायांमध्ये गळती सुरू होते, आणि २३०-४१५ व्होल्टच्या जवळ असेल तर काळं पडतं. पांढरट चिकट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, सुकवून पुन्हा टेस्ट करा. चालला तर तुम्हाला सोल्डरचा नव्हे, धुण्याचा प्रश्न आहे.

एवढं झालं की तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा. फोनवर नको, मेलवर नको. आणि मालकाच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका, लाइनवर न्या म्हणा. सोल्डर पेस्टचा फ्रिज बघा. साधारण २ ते १० अंशात ठेवतात तिला, आणि डबा वापरायच्या चार तास आधी बाहेर काढून झाकण न उघडता ठेवायचा असतो. गार डबा तसाच उघडला की पेस्टवर दव धरतं आणि ओव्हनमध्ये त्याचे बारीक गोळे उडतात. डब्यावर बाहेर काढल्याची वेळ लिहिलेली दिसली तर मी निम्मा निश्चिंत होतो. एकदा एका ठिकाणी मी पोचलो तेव्हा प्रिंटरवर पेस्ट सकाळपासून उघडी होती आणि वर पंखा चालू होता. तिथे पुढचं काही बघावंच लागलं नाही.

ओव्हनबद्दल विचारताना "तापमान किती ठेवता" असं विचारू नका. ते झोनचे आकडे सांगतील. ते हवेचं तापमान झालं. "आमच्या बोर्डाचा प्रोफाइल दाखवा" म्हणा, म्हणजे तुमच्या बोर्डाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून, तो ओव्हनमधून सोडून काढलेला आलेख. तुमच्या जड पार्टच्या बोर्डाला आणि शेजारच्या एलईडी पट्टीला एकच सेटिंग लावत असतील तर तुमच्या बोर्डाचा जड कोपरा कच्चा राहणारच. थ्रू-होल पार्ट वेव्हवर (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेऊन) करतात, डिप पॉटमध्ये (सोल्डरच्या भांड्यात बुडवून) की हाताने, हेही बघा. छोट्या लॉटला पॉट किंवा हातच असतो, त्यात गैर नाही. पण पॉटमध्ये बुडवण्याआधी बोर्ड वरून तापवतात का, आणि पॉटवरची मळी दर वेळी काढतात का, यावर सगळं ठरतं.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे. सगळे जोड घरी गरम करून घेऊ नका. प्रत्येक वेळी गरम केल्यावर पॅड बोर्डापासून सुटायची शक्यता वाढते, तांबं आणि कथलामधला ठिसूळ थर जाड होतो, आणि मुख्य म्हणजे पुरावा पुसला जातो. पाच बोर्ड हात न लावता बाजूला ठेवा, तारीख टाकून, फोटो काढून. उरलेल्यांत ज्या जोडावर ठिपका आहे तोच आणि तेवढाच करायचा. टर्मिनलसारखी एखादी जागा सगळ्या बोर्डांवर कच्ची निघाली, तर चांगल्या दिसणाऱ्या २५९ बोर्डांवरही ती जागा करून घ्या, नाहीतर पुढचे दोन महिने एसटीने पार्सलं येत राहतील.

पैशांचं जरा जपून. तुमचा असेंब्लीवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने तुम्हाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर ही मुदत हरकत दूर झाल्यापासून मोजतात. म्हणून बरंचसं यावर अवलंबून आहे की ते २३ बोर्ड नापास झाले तेव्हा तुम्ही लेखी कळवलं होतं, की फोनवर नुसते चिडला होतात. कळवलं असेल तर त्या बोर्डांपुरतं बोलायला तुम्हाला जागा आहे. नसेल तर पूर्ण बिल अडवून बसणं अंगाशी येऊ शकतं. रक्कम मोठी असेल तर सीएला आधी विचारा. मी स्वतः दोषाच्या बोर्डांचा हिशेब वेगळा काढतो आणि बाकीचे पैसे वेळेवर देतो. पैसे मिळालेला माणूस ओव्हनचा प्रोफाइल काढायला अर्धा दिवस लाइन थांबवतो, अडवलेला थांबवत नाही. आणि बोर्ड परत पाठवताना चलानवर "रिवर्कसाठी", नग आणि बोर्डांचे क्रमांक लिहा. "४१ नग" एवढंच लिहिलं की परत येतात ते तेच ४१ होते का, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुढच्या ऑर्डरमध्ये काही ओळी घाला. स्वीकार आयपीसी-ए-६१० क्लास २ प्रमाणे. पहिले पाच बोर्ड आधी, मी पास केल्याशिवाय पुढचे भरायचे नाहीत. कोणती मिश्रधातू आणि कोणता फ्लक्स, ते नाव घालून. टचअप केला तर कोणत्या जागी, त्याची नोंद. रिवर्कचा खर्च कोणाचा आणि किती दिवसांपर्यंत. पास केलेल्या पाचातला एक त्यांच्या टेबलावर राहू द्या, एक तुमच्या कपाटात. आणि दर ठरवताना पॉइंटमागे (एका जोडामागे) पैसे किती घासलेत ते एकदा स्वतःशी आठवा. प्रोफाइल, धुणं, नोंदी या सगळ्याला वेळ लागतो आणि तो त्या पॉइंटच्या दरातूनच निघतो. स्वस्तातला दर आणि वर ही यादी, असं मागितलं तर यादी फक्त कागदावर पाळली जाते.

माणूस बदलायचा की नाही हे मी त्या लाल-निळ्या कागदावरून ठरवेन. ठिपके एकाच जागी असतील तर नवा माणूसही तुमची तीच फाइल, तेच स्टेन्सिल, तेच पार्ट घेऊन तेच दोष देईल, वर ओळख व्हायला दोन लॉट जातील. ठिपके विखुरलेले असतील आणि लाइनवर नेल्यावर मालक प्रोफाइल काढायला तयार झाला, तर एक लॉट आणखी द्या, ५० चाच. लाइनवर न्यायलाच टाळाटाळ केली, किंवा कागद बघून पुन्हा "आणून टाका, टचअप करून देतो" हेच म्हणाला, तर बदला. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

प्रिंटवर ठिपके टाकून झाले की त्याचा फोटो टाका, सोबत टर्मिनलच्या पायांचा खालच्या बाजूने जवळून काढलेला एक. आणि एवढं सांगा: त्या पायांपैकी ग्राउंडच्या पसाऱ्याला थेट जोडलेले कोणते, आणि तुमच्या बोर्डाचं तांबं ३५ मायक्रॉनचं आहे की ७० चं?